तळ्यातलं पाऊण पोतं

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी प्रोजेक्टचा विषय दिला आणि तो घरी सांगताना माझी पंचाईत झाली. स्वस्तातल्या पदार्थांनी पाण्यातलं फॉस्फेट काढायचं, आणि त्या प्रक्रियेचं पुस्तकी नाव अधिशोषण. आजीला त्यातलं 'शोषण' तेवढं ऐकू आलं. म्हणाली, "शिकायला जातीस का मोर्चाला?" मी तिला चुलीवरच्या पातेल्याला धरलेली काजळी दाखवली. काजळी पातेल्याच्या आत शिरत नाही, अंगाला चिकटते. ते अधिशोषण. फडकं पाणी पितं ते नुसतं शोषण. आजीला पटलं, पण आपली पोर सांगलीला जाऊन काजळीचा अभ्यास करते असं ती पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत राहिली.

पाणी कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. आमचं गाव पलूस तालुक्यातलं. देवळामागं तळं आहे, साधारण 40 गुंठ्यांचं. आईच्या लग्नाच्या वेळी त्यात कपडे धुवायचे, पोरं पोहायची. आता त्यावर उन्हाळाभर पोपटी साय असते. काठी घातली तर साय बाजूला होते आणि काठी काढली की परत मिटते. त्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी काठाला मासे पालथे पडलेले दिसले. गावात कुणीतरी औषध टाकलं अशी बोलवा उठली. औषध कुणीच टाकलं नव्हतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं, आणि खाली मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. त्यामुळं पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे गुदमरले.

शेवाळाला लागतात मुख्यतः नत्र आणि स्फुरद, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. पाण्यात विरघळलेलं स्फुरद असतं ते फॉस्फेटच्या रूपात. त्यातही गोड्या पाण्यात बहुतेक वेळा तुटवडा असतो तो स्फुरदाचा, म्हणून तो मिळाला की शेवाळ सुटतं. मॅडमनी कॅनडातल्या एका तळ्याची गोष्ट सांगितली होती. 1973 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो मी वहीत चिकटवला होता.

पहिले दोन महिने मी फक्त चुका केल्या. फॉस्फेट मोजायची आमची पद्धत अशी: पाण्यात अमोनियम मॉलिब्डेटचं आम्लातलं द्रावण घालायचं, मग ग्लिसरीनमध्ये विरघळवलेलं स्टॅनस क्लोराइड. फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो, पांढऱ्या शर्टाला द्यायच्या निळीसारखा. जितकं फॉस्फेट तितका गडद. तो रंग यंत्रावर 690 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीला वाचायचा. मेख अशी की वाचन 10 मिनिटांनंतर आणि 12 मिनिटांच्या आत घ्यायचं. आधी घेतलं तर रंग पुरता आलेला नसतो, उशीर केला तर उतरायला लागतो. त्यामुळं सहा फ्लास्क असतील तर दर दोन मिनिटांनी एकात औषध घालायचं, मोबाइलवर घड्याळ लावायचं, आणि त्या वेळात कुणी दारात येऊन "जेवलीस का?" म्हणालं तर उत्तर द्यायचं नाही. मैत्रिणी नाराज व्हायच्या. शिवाय खोलीचं तापमान वाढलं की रंगही वाढतो, म्हणून वीज गेली, पंखा बंद पडला, की त्या दिवसाची वाचनं बाजूला.

पण पहिला झटका वेगळाच होता. ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड पाणी, ज्यात काहीच नाही. ते निळं झालं. मी तीनदा केलं, तिन्हीदा निळं. रडायच्या बेतात असताना लॅबमधल्या मामांनी विचारलं, "फ्लास्क कशानं धुतलेस?" कशानं म्हणजे, पावडरीनं, घासून घासून. चांगलं चकचकीत. मामा म्हणाले, "मग तीच आली की निळी होऊन." कपड्याभांड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं आणि ते काचेला चिकटून बसतं. त्या दिवसापासून सगळी काच सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवायची आणि डिस्टिल्ड पाण्यानं विसळायची. पावडरीला हात नाही. 26 वर्षं त्या लॅबमध्ये असलेल्या मामांचं नाव माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सगळ्यात वर आहे. मॅडमनी भुवई उंचावली होती, पण तसंच ठेवलं.

पाणी आणणं हे एक वेगळं प्रकरण होतं. प्लॅस्टिकच्या बाटलीला फॉस्फेट चिकटतं म्हणून काचेच्या बाटल्या, त्या थर्माकोलच्या खोक्यात, वर बर्फ. पलूस ते सांगली एसटीत खोकं मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" म्हटलं, तळ्याचं पाणी. "तीर्थ व्हय?" मी हो म्हटलं. त्यानं खोक्याला हात लावून नमस्कार केला आणि मला पुढची सीट दिली. तळ्यात शेवाळ जोरात असलेल्या दिवसांत त्या तीर्थात लिटरला 0.8 मिलिग्रॅम स्फुरद निघालं. शेवाळाला याच्या आठव्या हिश्श्यातही भागतं.

आता स्वस्तातला पदार्थ. सांगली जिल्ह्यात राहून माझ्या डोक्यात पहिल्यांदा ऊसच आला. गुऱ्हाळावरनं चिपाडं आणली, धुतली, वाळवली, घरच्या मिक्सरमध्ये दळली. (मिक्सरचं भांडं आईनं पुन्हा स्वयंपाकात घेतलं नाही.) तळ्याच्या पाण्यात घातली. पाणी चहासारखं पिवळं झालं आणि फॉस्फेट जागचं हललं नाही. कारण समजायला आठवडा गेला, खरं तर पाच मिनिटांत समजायला हवं होतं: चिपाडाच्या तंतूंवर ऋण भार असतो आणि फॉस्फेटवरही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. मग चुलवाणातली राख आणली. त्या पाण्यात स्फुरद कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. राखेतच स्फुरद होतं, उसानं जमिनीतनं उचललेलं. ते मी पाण्याला परत देत होते. वहीत मी त्या पानावर फक्त तारीख आणि एक मोठी फुली मारलेली आहे.

तोडगा सापडला तो आत्याकडं. आत्या पाटण तालुक्यात राहते, डोंगराच्या अंगाला. तिच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत आणि परसात फुटक्या चिऱ्यांचा ढीग. दिवाळीत मी त्या ढिगावर बसून मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, माझं रडगाणं सांगत होते. ते म्हणाले, "आमच्या लाल रानात तर डीएपी लागूच व्हत न्हाई. कितीबी टाका, माती गिळून बसतीया. पिकाला काय मिळत न्हाई." आणि चहा प्यायला लागले.

मी चहा तसाच ठेवला. डीएपी म्हणजे स्फुरदाचंच खत. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा दगड. लाखो वर्षांच्या पावसानं बाकीचं सगळं धुऊन नेलं, हे दोन उरले, आणि लोहामुळं तो लाल. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनननं मलबारात त्याला 'लॅटराइट' नाव दिलं ते विटेच्या लॅटिन शब्दावरनं. लोह-ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर जे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात त्यांना बाजूला सारून फॉस्फेट तिथं स्वतः बसतं आणि घट्ट बंध करतं. शेतकऱ्यानं शिव्या द्याव्यात असा हा दोष. मला तोच हवा होता. ढिगातले तुकडे पोत्यात भरून एसटीनं आणले. खलबत्त्यात कुटले, चाळले, धुतले. धुतल्यावर पाणी कुंकवासारखं लाल निघायचं. ते नितळ होईपर्यंत धुवायचं, कारण बारीक लाल गाळ द्रावणात राहिला तर यंत्र त्यालाही रंग समजतं आणि फॉस्फेट खोटंच जास्त दाखवतं. हे कसं कळलं ते सांगत नाही.

डिस्टिल्ड पाण्यात फॉस्फेटचं औषध विरघळवून जांभा घातला तर निकाल इतका देखणा आला की मी मॅडमना रात्री दहा वाजता फोटो पाठवला. पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक फॉस्फेट गेलं, उरलेलं हळूहळू दिवसभरात. लँगम्यूर या रसायनशास्त्रज्ञाची 1918 मधली मांडणी अशी की पृष्ठभागावर बसायच्या जागा ठरावीक असतात, आणि त्या भरल्या की संपलं. माझे ठिपके त्याच्या सरळ रेषेवर बसत होते. मॅडमचं उत्तर आलं, "छान. आता तळ्याचं पाणी घे."

तळ्याच्या पाण्यात तोच जांभा निम्म्याहूनही कमी काम करायला लागला. तिथं फॉस्फेट एकटं नसतं. आमच्या काळ्या बेसाल्टच्या मुलखातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, सिलिकेट आहे, कुजलेल्या पाल्याचा अर्क आहे. त्यांनाही त्याच जागा हव्या असतात. आणि पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा. तो जसा वाढतो तसा जांभ्याचा पृष्ठभाग ऋण होत जातो आणि फॉस्फेटला दूर ठेवायला लागतो. सकाळी सातला तळ्याचा पीएच 7.9 होता. मी एकदा सुट्टीत सहज दुपारी दोनला मोजला तर 9.2. यंत्र बिघडलं असं वाटलं. नव्हतं. दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळं पाणी अल्कधर्मी होत जातं. म्हणजे तळं जितकं जास्त हिरवं, तितकं दुपारी माझं औषध कमी लागू. मला त्या शेवाळाचं कौतुकच वाटलं.

शेवटी खऱ्या पाण्यात एक ग्रॅम जांभा 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद धरत होता. दुसरा पदार्थ सापडला तो एका गावच्या नळपाणी योजनेवर. नदीचं गढूळ पाणी निवळायला तुरटी घालतात, तिचा खाली बसलेला गाळ. तिथल्या माणसानं "न्या की, आमची ब्याद जाईल" म्हणून दोन घमेली भरून दिली. वाळवल्यावर तो भेगाळलेल्या रानासारखा दिसतो, करडा. कुटला तर पिठासारखा भुगा. त्यात ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड असतं, नीट स्फटिक न झालेलं, म्हणून पृष्ठभाग प्रचंड. तळ्याच्या एक लिटर पाण्यात एक ग्रॅम जांभ्यानं 0.8 चं 0.55 केलं, आणि एक ग्रॅम गाळानं 0.1. मी तो फ्लास्क उजेडात धरून बराच वेळ बघत होते. निळा रंग जवळजवळ नव्हताच.

नायट्रेटचं थोडक्यात सांगते, कारण त्यात थोडकंच झालं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आमच्या रानातल्या विहिरीचं त्याच्या वर निघालं. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, आणि शिफारशीवर थांबणारा शेतकरी मी आमच्या भागात पाहिलेला नाही, माझे वडील धरून. जांभ्यानं नायट्रेटला हातही लावला नाही. नायट्रेट असा घट्ट बंध करत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातं, म्हणून तर ते विहिरीत पोचतं. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. त्या विहिरीचं पाणी प्यायचं आम्ही बंद केलं.

आता पाइपचा प्रयोग. मॅडम म्हणाल्या, फ्लास्क हलवून तळं साफ होत नसतं, वाहत्या पाण्यावर दाखव. गावचं गटार देवळाच्या उजव्या अंगानं तळ्यात पडतं. तिथं लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद होतं. मी चार इंची पीव्हीसी पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा घेतला, खाली जाळी, वर काथ्या. पहिल्यांदा तुरटीचा गाळ भरला. दोन तासांत त्याचा चिखल झाला आणि वरनं पाणी परत आलं. मग जांभ्याचा बारीक भुगा. तो दुसऱ्या दिवशी तुंबला. मग बाजरीच्या दाण्याएवढे तुकडे, अकरा किलो. ते चाललं. बारीक केलं तर पृष्ठभाग वाढतो पण पाणी जात नाही, मोठं ठेवलं तर पाणी जातं पण फॉस्फेटही जातं. निम्मा प्रोजेक्ट या एका रस्सीखेचीत गेला.

पाण्याचा वेग सारखा ठेवायचा पंप आमच्याकडं नव्हता. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ठिबकचा तासाला 8 लिटरचा ड्रिपर काढून दिला. वर 200 लिटरचं निळं बॅरल, त्याला ड्रिपर. बॅरल साधारण एका दिवसात संपायचं. धाकटा भाऊ रोज सकाळी क्रिकेटच्या आधी गटाराच्या बादल्या गाळून ओतायचा. त्याचा दर दिवसाला एक वडापाव. पहिले तीन दिवस खालून येणाऱ्या पाण्यात 0.4 होतं. पाचव्या दिवशी 1.1. सहाव्या दिवशी 2 च्या वर. आठव्या दिवशी वर जेवढं तेवढंच खाली. जागा भरल्या, संपलं. भावानं विचारलं, "आता वडापाव बंद?"

त्या रात्री मी हिशेब मांडला. खरं तर तो पहिल्या आठवड्यात मांडायला हवा होता. भावाबरोबर दोरी धरून तळं मोजलं होतं: 40 गुंठे, सरासरी दोन मीटर खोल, म्हणजे 80 लाख लिटर. लिटरला 0.8 मिलिग्रॅमप्रमाणं विरघळलेलं स्फुरद झालं 6.4 किलो. मी आकडा दोनदा तपासला. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 46 टक्के पी-टू-ओ-फाइव्ह (स्फुरदाचं ऑक्साइड), म्हणजे मूळ स्फुरद 10 किलो. अख्खं तळं हिरवं करायला पाऊण पोतंसुद्धा लागलं नव्हतं. सोप्यात उसासाठी आणलेली सहा पोती रचलेली होती. मी तिथं जाऊन उभी राहिले. आण्णा म्हणाले, "काय गं, झोप न्हाई व्हय?" म्हटलं, आण्णा, ही नऊ तळी आहेत. त्यांनी दिवा बंद केला.

पण हेच पाऊण पोतं काढायला जांभा किती? 21 टन. आणि तेवढा ओतला तरी तळाच्या गाळातलं स्फुरद वर येतच राहणार. गटार वेगळंच. 15 लिटरची बादली ते अर्ध्या मिनिटात भरतं, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला 130 ग्रॅम स्फुरद. पन्नास दिवसांत तळं पुन्हा होतं तिथं. ते 130 ग्रॅम जांभ्यानं अडवायचे तर रोज सव्वाचार क्विंटलच्या वर जांभा बदलायचा. पाटणहून टेंपोनं. आणि वापरलेला कुठं टाकायचा? खत म्हणून म्हणावं तर त्यातलं स्फुरद पिकाला सहज मिळत नाही, हे आत्याकडच्या मामांनी आधीच सांगितलेलं. प्रत्येक लेखात 'कमी खर्चाचा' असा शब्द असतो. दगड फुकट असतो, खरं आहे. कुटणं, चाळणं, वाहणं, बदलणं आणि टाकणं यातलं काहीच फुकट नसतं. लॅबमध्ये ते सगळं मी करत होते, आणि मला पगार नव्हता.

हे मी प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं. मैत्रिणी म्हणाल्या, असं लिहितात का, मार्क जातील. मॅडम म्हणाल्या, "राहू दे." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मग तळं साफ झालं का?" म्हटलं, नाही सर. "मग उपयोग काय?" मी म्हटलं, गटार बंद केल्यावर शेवटचं उरलंसुरलं काढायला जांभा ठीक आहे, आधी नाही. सरांनी मान हलवली आणि आलेख उलटसुलट करून बघितला. मार्क बरे पडले.

ग्रामपंचायतीत मी एकदा गेले होते. गटार वळवा म्हटलं. त्यांनी चहा दिला.

गटाराच्या कडेला एका काकांचं चार गुंठ्यांचं हत्तीगवत आहे, म्हशींसाठी. त्यांचं माझ्या पाइपवर वर्षभर लक्ष होतं. या जूनमध्ये पावसानं ओढ दिली तेव्हा त्यांनी गटाराला मातीचा बांध घातला आणि पाणी गवतात फिरवलं. मला कळलं तेव्हा मी बाटल्या घेऊन पळाले. भाजीपाल्याला हे पाणी देऊ नका आणि पाण्यात हात घातला की साबणानं धुवा, हे आधी सांगितलं. गवताच्या दुसऱ्या टोकाला जे थोडं पाणी पाझरत होतं त्यात लिटरला 0.9 होतं. वर 3, खाली 0.9. गवत माझ्या छातीएवढं झालेलं आणि इतकं काळंभोर की युरियाची काही गरजच नव्हती.

काकांनी विचारलं, "ह्या पाण्यात खत किती हाय, ते कागदावर दे की लिहून." मी त्यांच्या वीजबिलाच्या पाठीवर मांडलं: दिवसाला 130 ग्रॅम, महिन्याला 3.9 किलो स्फुरद, डीएपीच्या पोत्यात 10. त्यांनी बिल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, ओठ हलवत वाचलं.

"म्हंजी अडीच म्हैन्याला एक पोतं," ते म्हणाले. "आन् हे आमी तळ्यात टाकत हुतो व्हय!"